व्हिडिओ भेटीत ‘स’ ऐकू यायला हवा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वाक् व श्रवणतज्ज्ञ असून दारव्हा (जि. यवतमाळ) येथे एकटीच व्यवसाय करते. दिग्रस, नेर, आर्णी आणि मानोरा या तालुक्यांतल्या खेड्यांमधून १७ मुले माझ्याकडे येतात. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा अर्धा तास द्यावा लागतो, परंतु तेवढ्यासाठी आईची किंवा वडिलांची दिवसभराची मजुरी बुडते. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि उरलेल्या आठवड्यांत व्हिडिओवर, अशी सोय मला करायची आहे. सध्या व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल वापरते. त्यात माझा खाजगी क्रमांक सर्वांकडे गेला, रात्री दहालाही फोन येतात; शिवाय मूल ‘साप’ म्हणाले की ‘थाप’, हे कधीकधी कळतच नाही. माझे लहानसे संकेतस्थळ आहे. पालकांनी त्यावरचे एक बटण दाबले की त्याच पानावर भेट सुरू व्हावी, यासाठी कोणते साधन घ्यावे? खर्च झेपणारा असावा.
— एक वाचक भगिनी, दारव्हा

उत्तर : आपला प्रश्न साधनाचा असला, तरी त्याचे उत्तर आपण जाता जाता लिहिलेल्या ‘साप’ आणि ‘थाप’ या दोन शब्दांत आहे, असे मला वाटते. बहुतेक व्यावसायिकांना व्हिडिओ भेटीत चेहरा स्पष्ट दिसला की पुरते. आपल्याला आवाज अचूक हवा आहे, आणि साधनांची जाहिरात करणारे नेमके त्याविषयीच कमी बोलतात.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे, पण इतर वाचकांसाठी लिहितो. साध्या टेलिफोनच्या ध्वनिमार्गातून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, आणि ‘स’चा जोर ४,००० हर्ट्झच्या पलीकडे असतो, म्हणून फोनवर पत्ता सांगताना ‘ससा मधला स’ असे म्हणण्याची वेळ येते. इंटरनेटवरच्या कॉलला ही अडचण असण्याचे कारण नाही. ब्राउझरमधल्या कॉलसाठी वापरली जाणारी ‘ओपस’ ही ध्वनिपद्धत २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज नेऊ शकते. तरीही ‘स’ हरवतो, याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे ब्लूटूथचा कानातला संच, जो मायक्रोफोन सुरू होताच आवाजाचा पट्टा बराच आकसून घेतो. त्याला उपाय सोपा आहे, वायरचा इअरफोन वापरावा. दुसरे कारण म्हणजे गोंगाट कमी करणारी स्वयंचलित प्रक्रिया. सतत घासत राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा कूलर, असे ती गृहीत धरते आणि तो दाबून टाकते. आपले ऊष्म वर्ण घर्षणानेच निर्माण होत असल्यामुळे श, ष, स यांच्यावरही ती हात फिरवते.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही प्रक्रिया आवाज पाठवणाऱ्या फोनवर, म्हणजे मुलाच्या घरच्या फोनवर घडते. व्हॉट्सॲपमध्ये ती आपल्या हाती नसते. झूममध्ये ‘मूळ ध्वनी’ नावाची सोय आहे खरी, पण ती मुलाच्या आईने स्वतःच्या फोनवर शोधून सुरू करायची असते. कॉलची चौकट आपल्याच पानात बसवलेली असेल, तर मात्र हे सेटिंग आपण एकदाच पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवू शकतो आणि पालकांना त्याची वार्ताही लागत नाही. पानातच कॉल बसवण्याचा अट्टहास अनेक जण केवळ दिमाखासाठी करतात, आणि अशांना मी साधी लिंक पाठवा असेच सांगतो. आपल्या बाबतीत मात्र तो हट्ट रास्त आहे.

गुगल मीट मोफत खात्यावर दोघांच्या भेटीसाठी पुरेसे असले, तरी ते दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत बसत नाही. म्हणून आपल्यापुरता तो विचार इथेच संपतो. झूमच्या मोफत खात्याला ४० मिनिटांची मर्यादा आहे. आपला अर्धा तास त्यात मावतो, पण त्याला पानात बसवण्यासाठी बराच कोड लिहावा लागतो आणि आपल्या वाट्याला येणारा लाभ त्या मानाने थोडा आहे.

खरी तुलना जित्सी, डेली आणि व्हेअरबाय या पानात बसवता येणाऱ्या तीन व्हिडिओ कॉल सेवांत करावी. जित्सी हे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असे, साधन आहे आणि २०१८ पासून ते एट बाय एट या कंपनीकडे आहे. त्याचा सार्वजनिक मोफत सर्व्हर प्रसिद्ध आहे, आणि तोच पानात चिकटवून द्यावा असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो स्वीकारू नये. २०२३ पासून त्या सर्व्हरवरचा कॉल दुसऱ्याच्या पानात बसवला की पाच मिनिटांनी आपोआप तुटतो. ती सोय केवळ नमुना पाहण्यापुरती ठेवलेली आहे. संकेतस्थळ बनवणाऱ्याने दोन मिनिटे चाचणी घेऊन ‘चालतेय’ म्हणून सांगावे आणि पहिल्याच मुलाच्या सहाव्या मिनिटाला पडदा रिकामा व्हावा, असे सहज घडू शकते. हीच कंपनी ‘जास’ नावाची वेगळी सेवा देते. तिच्यात महिन्याला २५ व्यक्तींपर्यंत शुल्क नाही, आणि मिनिटांऐवजी माणसे मोजली जातात. आपली १७ मुले आणि आपण मिळून १८ होतात. एका मुलाची आई एका आठवड्यात स्वतःच्या फोनवरून आणि पुढच्या आठवड्यात वडिलांच्या फोनवरून आली तर हा आकडा वाढू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

डेली आणि व्हेअरबाय मिनिटे मोजतात, आणि तीही प्रत्येक सहभागी व्यक्तीची वेगळी. १७ मुले, ३० मिनिटे आणि दोन बाजू असे धरल्यास आठवड्याला १,०२० मिनिटे होतात, म्हणजे महिन्याला साधारण ४,४००. प्रत्यक्ष भेटीचा एक आठवडा वगळला तरी ३,००० च्या वरच जातात. व्हेअरबायच्या पानात बसवायच्या सेवेत महिन्याला २,००० मिनिटे मोफत आहेत, ती तिसऱ्या आठवड्याच्या आतच संपतील. डेलीची १०,००० मिनिटे मात्र आपल्याला भरपूर पुरतील. हे दर आणि मर्यादा कंपन्या बदलत असतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी त्या पुन्हा पाहाव्यात, हिशोबाची रीत मात्र हीच राहील. या दोन्ही साधनांची चौकट नुसता पत्ता चिकटवून बसते, ही त्यांची जमेची बाजू आहे.

माझे मत विचाराल तर आपण ‘जास’ घ्यावे. जित्सीच्या घडणीत गोंगाट कमी करणारी प्रक्रिया स्वतंत्रपणे बंद करता येते आणि प्रतिध्वनी काढणारी प्रक्रिया सुरू ठेवता येते. आपल्याला नेमके एवढेच हवे आहे. शिवाय भेटीत दोघेच असतील तेव्हा जित्सी शक्यतो दोन्ही फोनांना थेट जोडते. याची किंमत म्हणजे सुरुवातीचे काम थोडे अधिक आहे. प्रत्येक भेटीसाठी सर्व्हरवर सही केलेले एक प्रवेशपत्र तयार करावे लागते, आणि त्या सहीची गुप्त किल्ली पानाच्या कोडमध्ये कधीही ठेवायची नसते. आपले संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला हे जमत नसेल, तर त्याला नवखेपणाचा दोष न देता डेली घ्यावे आणि ध्वनीचे सेटिंग त्यात कसे बदलायचे ते त्याच्याकडून करून घ्यावे. जित्सी घेतल्यास आणखी एक सेटिंग विसरू नये : मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते ‘ॲप उतरवून घ्या’ असा पडदा दाखवते. तो बंद करता येतो आणि केलाच पाहिजे, कारण फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲप उतरत नाही आणि ॲप उतरत नाही म्हणून भेट होत नाही, हा अनुभव खेड्यात नवा नाही.

आता पानाविषयी थोडे. ‘https’ने सुरू होणाऱ्या पत्त्याची सुरक्षित जोडणी नसेल तर ब्राउझर कॅमेरा देतच नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून तिचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. चौकटीच्या कोडमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोन यांना स्पष्ट अनुमती लिहावी लागते, अन्यथा सगळे बरोबर दिसूनही कॅमेरा काळाच राहतो. आपले संकेतस्थळ वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेवर असेल, तर तिथे अशी चौकट टाकताच येत नाही. ब्राउझरचा परवानगीचा प्रश्न फोनच्या भाषेत, म्हणजे पुष्कळदा इंग्रजीत येतो. म्हणून चौकटीच्या वर ‘पुढे प्रश्न विचारला जाईल, तिथे होकाराचे बटण दाबा’ असे मराठीत लिहून त्या पडद्याचे चित्रही द्यावे.

प्रत्येक मुलासाठी निराळी ऑनलाइन खोली, म्हणजे कॉलचा वेगळा पत्ता, ठेवावी आणि खोलीच्या पत्त्यात मुलाचे नाव घालू नये. आपण आत घेतल्याशिवाय कोणी शिरू नये, अशी व्यवस्था असावी. ध्वनिचित्रमुद्रण मुळातच बंद ठेवावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यासाठी पालकाच्या पडताळणी करता येईल अशा संमतीची सर्वसाधारण तरतूद आहे, आणि आपली जवळजवळ सगळी मुले त्या वयातली असणार. म्हणून पहिल्या प्रत्यक्ष भेटीतच मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रावर सही घेऊन ठेवणे सोयीचे होईल. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी काढलेली दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, ती आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाहीत. तथापि नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर आणि पावतीवर छापणे, प्रत्यक्ष भेट हवी असणाऱ्याला दूरभेटीचा आग्रह न करणे आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवणे, या त्यांतल्या गोष्टी आपणही पाळाव्यात. पहिली तपासणी तर समोरासमोरच व्हावी. जिभेची हालचाल आणि श्रवण या दोन्ही गोष्टी पडद्यावरून धड तपासता येत नाहीत, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे असल्यामुळे आईला एकदा येणे पूर्वीइतके जड जाऊ नये.

उरतो तो मुलाच्या घरचा फोन, आणि साधनाची निवड त्याच्यावरूनच पारखावी. दोन्ही दिशांना सेकंदाला ५०० किलोबिट धरले, तर अर्ध्या तासाला सुमारे २२५ मेगाबाइट डेटा लागतो. घरात एकच फोन आणि दिवसाचा दीड जीबीचा पॅक असला म्हणजे संध्याकाळपर्यंत मोठ्या भावाने त्यातले किती शिल्लक ठेवले आहे, यावर भेट अवलंबून राहते. म्हणून चित्राचा दर्जा आपल्या बाजूने मध्यम, ३६० ओळींपर्यंत बांधून टाकावा. ओठ पाहायला दर्जापेक्षा अंतर आणि उजेड महत्त्वाचे आहेत : फोन स्टीलच्या डब्याला टेकवून मुलाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर ठेवावा आणि मुलाचे तोंड उजेडाकडे असावे, पाठ नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत फोन दिवसभर शेतात असतो, त्यामुळे भेटीच्या वेळा संध्याकाळी सातनंतरच्या ठेवाव्या लागतील. त्या वेळी वीज गेली तर आपला राउटर तरी इन्व्हर्टरवर असावा.

कूलरचे काय, हा प्रश्न राहतोच. गोंगाट दाबणारी प्रक्रिया आपण बंद केल्यावर कूलरची घरघर जशीच्या तशी आपल्या कानी येणार. विदर्भातल्या मे महिन्यात कोणाला अर्धा तास कूलर बंद करा म्हणणे मला तरी धीराचे काम वाटते. इअरफोनचा मायक्रोफोन ओठांजवळ आणल्याने पुष्कळ भागते. आणि ‘स’चा सराव असेल ती दहा मिनिटेच कूलर थांबवून उरलेल्या वेळात गप्पा व चित्रवर्णन घ्यावे. जोडणी अगदीच मंद असेल, म्हणजे दारव्हेकरांना ‘शकुंतला’ या संथ आगगाडीची आठवण व्हावी इतकी, तर चित्र बंद करून आवाज टिकवावा. ओपससारख्या पद्धतीत बोलण्यापुरता आवाज सेकंदाला ३२ किलोबिटमध्येही चांगला जातो.

प्रश्न : मी मूल (जि. चंद्रपूर) येथे आयुर्वेद चिकित्सक आहे. भाच्याने नमुना कोड वापरून संकेतस्थळावर व्हिडिओ कॉल तयार करून दिला. दवाखान्यातल्या वायफायवर दोन फोन लगेच जोडले जातात, पण रुग्ण गावाहून मोबाइल डेटावर आला की घंटी वाजते आणि पडदा काळाच राहतो. दोष नेटवर्कचा समजावा काय?
— एक वाचक, मूल

उत्तर : लक्षणांवरून दोष नेटवर्कच्या वेगाचा दिसत नाही. एका वायफायवरचे दोन फोन एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांसारखे असतात, त्यांना एकमेकांचा दरवाजा लगेच सापडतो. मोबाइल कंपनी मात्र हजारो ग्राहकांना एका सामाईक पत्त्याआड ठेवते, आणि बाहेरून आलेल्याला आतला नेमका फोन गाठता येत नाही. घंटी वाजवण्याचा निरोप सर्व्हरमार्गे जातो म्हणून तो पोहोचतो, चित्र आणि आवाज थेट जायला निघतात म्हणून अडतात. अशा वेळी दोघांच्या मध्ये राहून चित्र-आवाज पुढे पोहोचवणारा ‘टर्न’ सर्व्हर लागतो, आणि नमुना कोडमध्ये तो बहुधा नसतो. ‘कोटर्न’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून भाचा तो उभारू शकेल, परंतु त्यातून सगळा डेटा वाहत असल्यामुळे सर्व्हरचे भाडे आणि देखभाल आपल्या गळ्यात पडेल. वर उल्लेखिलेल्या तयार सेवांमध्ये तो आधीच समाविष्ट असतो, म्हणून एकट्या चिकित्सकाने तयार सेवा घेणेच बरे. निर्णय घेण्यापूर्वी एक चाचणी करावी : दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असलेले दोन फोन घ्यावेत, दोन्हींचे वायफाय बंद करावे, एक फोन दवाखान्यात ठेवून दुसरा ज्या गावचे रुग्ण अधिक येतात त्या गावी पाठवावा, आणि कॉल लावून पूर्ण वीस मिनिटे तो तसाच चालू राहू द्यावा.