हॅरिस ट्वीडचा माग कुठे बघायला मिळेल?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघे स्कॉटलंडच्या गाइडेड टूरला जातोय. कार्यक्रमात ‘पारंपरिक हस्तकला’ लिहिलंय, पण एडिनबरातल्या दुकानांपलीकडे काही दिसत नाही. हातमाग चालताना बघता येईल का? शिवायला कापडही आणायचंय.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल, हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड हातमागावरच विणतात. पण त्यासाठी स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांपैकी लुईस आणि हॅरिसला जायला हवं. 1993च्या ब्रिटिश कायद्यानुसार लोकर या बेटांवर रंगवून कातलेली, कापड तिथल्याच विणकराने स्वतःच्या घरी विणलेलं असेल आणि फिनिशिंगही बेटांवरच झालं असेल, तरच ते हॅरिस ट्वीड. एडिनबरात ते फक्त विकत मिळतं.

टूरवाल्यांना आधी वार विचारा. या बेटांवर रविवार कडक पाळतात, बहुतेक दुकानं बंद असतात. मुख्य भूमीवरच्या अलापूलहून लुईसवरच्या स्टॉर्नवेची बोट अडीच-पावणेतीन तास घेते आणि जोराचं वारं सुटलं की रद्द होते. बेटांवर निदान दोन मुक्काम नसतील, तर ती टूर तुमच्या कामाची नाही.

विणकराच्या शेडमध्ये माग पायाने चालतो. जुन्या हॅटर्सली मागावर धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) असतो आणि पन्हा 75 सेंटिमीटर; नव्या मागाला धोटा नाही, पन्हा दुप्पट. इचलकरंजीचे माग पाहिलेल्या माणसाला हे पटकन उमगेल. मात्र सूत आवर्जून बघा. वीतभर धाग्याचा पीळ सोडून उजेडात धरलात, तर हिरव्या दिसणाऱ्या धाग्यात पिवळे, निळे, तपकिरी तंतू सापडतील, कारण लोकर कातण्याआधीच रंगवून एकत्र मिसळतात. ट्वीडचं सगळं सौंदर्य इथे आहे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की विणकर माग थांबवून गाठ मारतो. नजरेतून सुटला तर कापडात उभी रेघ पडते आणि गिरणीत ती सुईने भरावी लागते. मागावरचं कापड तेलकट, राठ लागेल. ते गिरणीत धुऊन, घोटूनच मऊ होतं.

घेताना कापडाच्या उलट्या बाजूला ऑर्बचा शिक्का बघा : गोल आणि त्यावर क्रॉस. भावाआधी पन्हा विचारा. दीड मीटर पन्ह्याचं साधारण दोन मीटर कापड कोटाला लागतं, 75 सेंटिमीटरचं चार. कोल्हापूरच्या हवेला जाकीट किंवा टोपी बरी. शिंप्याला ओल्या फडक्यावरूनच इस्त्री करायला सांगा, थेट फिरवली तर कापड चकाकतं. पावसाळ्याआधी ऊन दाखवून, डांबरगोळ्या घालून बंद पिशवीत ठेवा, नाहीतर कसर लागते.