साध्या शिकारी सुरीबद्दल कोणी का बोलत नाही? : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): चार इंची, न मिटणारी, साध्या लाकडी मुठीची शिकारी सुरी घ्यायची आहे. पण शौकिनांत चर्चा फोल्डिंगची, नाहीतर भल्यामोठ्या जंगली सुऱ्यांची. हिच्यात काही खोट आहे का?

खोट नाही. हिच्यावर वाद घालायला जागाच कमी. फोल्डिंगचं लॉक कसलं, एका हातानं उघडतो का, यावर रात्र काढता येते. मोठ्या सुरीनं ओंडका फोडून दाखवता येतो. शिकारी सुरीत हलणारा भाग नाही आणि तिचा घाट कधीच ठरून गेलाय: 9 ते 10 सेंमी पातं, पाठीला 3 मिमी जाडी, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं अखंड पोलाद आणि पाठीच्या रेषेपेक्षा किंचित खाली उतरलेलं टोक. या टोकाला ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात. अमेरिकी कारागीर बॉब लव्हलेस (1929–2010) यांनी ते शिकारी सुरीवर रूढ केलं. पोट फाडताना हे टोक आतड्यात रुतत नाही, म्हणून ते टिकलं.

परदेशातल्या शिकाऱ्यांनीही तिला थोडं बाजूला सारलं. 1964 साली अमेरिकेतल्या बक कंपनीची 110 ही मिटणारी शिकारी सुरी आली आणि पट्ट्याला लहानशी पिशवी पुरू लागली. पुढे शस्त्रक्रियेच्या चाकूसारखी बदलती पाती आली, तेव्हा धार लावण्याचाही प्रश्न मिटला. आपल्याकडे मर्दानी खेळामुळे नजर तयार असते, पण ती कट्यार, बिचवा, पट्टा यांच्या घडणीकडे जाते. कामाच्या सुरीवर नक्षी नसते.

खरं कारण मात्र आमच्या मते वेगळं आहे. चर्चा होते ती फोटोत दिसणाऱ्या गोष्टींची, आणि या सुरीचं मर्म फोटोत दिसत नाही. एकाच पोलादाच्या, एकाच आकाराच्या दोन सुऱ्या घ्या. धारेच्या अगदी मागची जाडी एकीत 0.4 मिमी आणि दुसरीत 0.9 मिमी असेल, तर पहिली कातडीखालून सरकते आणि दुसरी अडते. दुकानात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन जा, लाजू नका. मग मूठ घट्ट धरून पाहा. बोटांसाठी खोल खाचा पाडलेल्या मुठी दिसायला छान असतात, पण पकड बदलली की टोचतात. चरबीच्या हातात किंचित अंडाकृती, पुढे बोट अडेल इतकी उतरती मूठ बरी.

प्रश्न (कागल): शिकारीला बंदी आहे. मग ही सुरी घेऊन करायचं काय? आणि पोलिसांचं काय?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, बकरं सोलायचं काम राहिलंच. तेच हिचं काम. कातडं शक्यतो मुठीनं सोडवा. सुरी फक्त चिकटलेल्या जागी, धार कातडीकडे ठेवून. पोट उघडताना धार वर आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं, म्हणजे आतडं फुटत नाही. सांधे कुर्चेतून सोडवा. हाड तोडायला सत्तूर आणि ओंडका आहे. या पातळ धारेनं हाडावर घाव घातलात तर टवका उडणारच.

शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती किंवा शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलंय. चार इंची सुरी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणावाराला बंदी आदेश निघतात, त्यात सुरे येतात. तेव्हा कमरेला लावून गावातून फिरू नका.

प्रश्न (गडहिंग्लज): लोहाराकडून जीपच्या कमानपाट्याची सुरी करून घेतली. धार लगेच दुमडते.

आधी कानशीनं तपासा. नवी कानस धारेवरून घसरली तर पातं कडक आहे; चावली तर मऊ. मऊ असेल तर कारणं तीन. पाटा नुसता घासून आकार दिला असेल, तर पोलाद स्प्रिंगच्याच कडकपणाचं, म्हणजे साधारण 45 रॉकवेल (कडकपणाचं माप); सुरीला 57–58 हवं. दुसरं, पाणी नीट दिलं, म्हणजे तापवून, बुडवून पातं कडक केलं, पण नंतर ग्राइंडरवर धार निळी पडली. निळा रंग म्हणजे 300 अंशांच्या आसपास. तिथलं पाणी उतरलं. ती निळी कड पूर्ण घासून काढावी लागते. तिसरं बऱ्याचदा लक्षात येत नाही: भट्टीत वरच्या थरातलं कार्बन जळतं. दोन-तीनदा धार लावल्यावर दुमडणं थांबलं, तर हेच कारण होतं आणि आता ते गेलं.

पुन्हा पाणी द्यायचं तर पातं लोहचुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवा, त्याहून थोडं पुढे, 850 अंशांच्या आसपास न्या, आणि 50–60 अंश गरम तेलात बुडवा. साध्या पाण्यात नको, तडकतं. जळकं इंजिन ऑइलही नको; ही सुरी मटणाला लागणार आहे. लगेच 200 अंशांवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. पाट्याचं पोलाद नेमकं कुठलं हे कळत नसतं, म्हणून त्याच पाट्याच्या तुकड्यावर आधी करून पाहा आणि तो मोडा: मोडलेल्या जागी दाणा बारीक, करडा दिसला तर ठीक, साखरेसारखा चमकला तर जास्त तापलंय. जुन्या पाट्यात बारीक चिरा असतात, आणि त्या पाणी देतानाच उघड्या पडतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दिलं तर तापमानाचा अंदाज बांधावा लागत नाही.

प्रश्न (राधानगरी): पावसाळ्यात म्यानातच गंजते.

म्यानात ठेवूच नका. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं ओल धरतं, आणि त्यातलं टॅनिन पोलादावर काळे डाग पाडतं. पुसून, कोरडी करून, खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. सूर्यफुलाचं तेल चिकट होतं. थंडीत खोबरेल गोठलं तरी बिघडत नाही.

प्रश्न (इचलकरंजी): धारेचा कोन किती?

सोलायला प्रत्येक बाजूनं 15 अंश, सगळ्या कामाला 20. पातं 25 मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून अनुक्रमे साडेसहा आणि साडेआठ मिमी उचला. एक बाजू घासताना पलीकडे पूर्ण लांबीभर कंगोरा, म्हणजे वळलेली बारीक कड, बोटाला लागेपर्यंत बाजू बदलू नका.