चित्रकला येत नाही, तरी शहरं आखता येतील?

पत्र : शाळेचं शेवटचं वर्ष सुरू आहे. भूगोल आवडतो, गणित जमतं, चित्रकलेत मात्र कायम काठावर पास. जगभरातली शहरं हिरवी, पुरात-उन्हात तग धरणारी आणि सगळ्यांना सामावून घेणारी कशी करायची, या कामात मला पडायचंय. बाबा म्हणतात, “झाडं लावायला पदवी कशाला?” मी आर्किटेक्चरला जाऊ का? आणि यात खरंच नोकऱ्या असतात का?

उत्तर : तुझ्या बाबांचा प्रश्न मला आवडला, म्हणून आधी तोच घेते. झाडं लावायला पदवी लागत नाहीच. पण कुठल्या रस्त्यावर झाडं नाहीत, का नाहीत, लावली तर पाणी कोण घालणार, आणि सावली आल्यावर भाडी वाढून तिथलेच जुने भाडेकरू बाहेर फेकले गेले तर काय करायचं, हे शिकावं लागतं. नगररचनाकाराचा बराचसा दिवस अशाच प्रश्नांत जातो.

आता चित्रकला. १९९०च्या दशकात व्हिएन्नामध्ये सार्वजनिक बागांची पाहणी झाली. साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असं तीत आढळलं. कारण शोधलं तर अगदी साधं निघालं. खेळायची जागा जाळीने बंदिस्त, आत जायला एकच दार आणि आत मुलग्यांचा चेंडू. रोज भांडून जागा मिळवण्यापेक्षा मुलींनी येणंच सोडलं होतं. १९९९ मध्ये काही बागा बदलल्या. दारं रुंद केली, वाढवली, मोठं मैदान लहान लहान भागांत वाटलं, इतर खेळांना आणि बसायला जागा दिली. मुली परत आल्या. ईव्हा काइल या नियोजनकार त्या काळात तिथे हाच विचार लावून धरत होत्या. नकाशावर ती बाग आधीही हिरवी होती, नंतरही हिरवीच. फरक सापडला तो चित्र काढून नव्हे, कुणीतरी तिथे बसून डोकी मोजली म्हणून. तुला गणित जमतं म्हणालीस ना?

‘सर्वसमावेशक’ हा शब्द जाहिरातींनी पार झिजवून टाकलाय. मी त्याचा अर्थ एवढाच घेते : इथे कोण दिसत नाही, ते बघायचं.

तग धरण्याचं म्हणशील तर कोपनहेगन बघ. २ जुलै २०११ ला तिथे दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तळघरांत, रस्त्यांवर पाणी भरलं. नुसती गटारं मोठी करत बसण्यापेक्षा जमिनीवरच पाण्याला वाट आणि थांबायला जागा द्यायची, असं २०१२ च्या आराखड्यात ठरलं. एंगहॅव नावाची जुनी बाग अशी बदलली, की अतिवृष्टीत तिथे सुमारे २२ हजार घनमीटर पाणी थांबू शकतं. एरवी लोक तिथे फिरतात, मुलं खेळतात. अशी सुमारे ३०० कामं, मुदत २० वर्षं. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय. या पेशात निकाल बघायला कधीकधी निवृत्तीपर्यंत थांबावं लागतं. माझा एक विद्यार्थी दोन वर्षं एका रस्त्याच्या आराखड्यावर राबला, सुनावण्यांत लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि सत्ता बदलल्यावर आराखडा कपाटात गेला. तो अजून याच कामात आहे, पण त्या वर्षी त्याला झोप नव्हती.

आर्किटेक्चर? इमारतींचं वेड असेल तरच. तुझ्या पत्रात एकाही इमारतीचा उल्लेख नाही. भूगोल, स्थापत्य अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, यांतल्या कशातूनही पुढे नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासाला जाता येतं. काही विद्यापीठांत थेट पदवीही असते. लिव्हरपूलला हा विषय १९०९ पासून शिकवतात, तेव्हा बाबांना सांग, हे नवं खूळ नाही. समाजशास्त्राला हलकं समजू नकोस. १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत ७०० हून अधिक माणसं गेली. तिथल्या शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांत मृत्यूचं प्रमाण इतकं वेगळं का, याचा शोध एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने घेतला. जिथे दुकानं चालू होती, रस्त्यावर वर्दळ होती, तिथली एकटी म्हातारी माणसं वाचण्याची शक्यता जास्त होती.

तुझ्यासाठी मी भूगोल, त्याला जोडून संख्याशास्त्र आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा आणि आकडे जोडून बघायचं तंत्र, सुचवेन. प्रवेश घेताना एवढं बघ : खऱ्या वस्तीवर गटाने काम करायला लावणारा स्टुडिओ अभ्यासक्रमात आहे का, आणि जिथे नोकरी करायची त्या देशात ती पदवी मान्य आहे का. ‘जगभरातली शहरं’ हे ठीक, पण जमिनीचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे. आधी एका शहरात मुरावं लागतं, मग नैरोबीतल्या यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरांविषयीच्या संस्थेसारख्या ठिकाणांचं बघता येतं. नोकऱ्या पालिकांत, वाहतूक आणि पाणी खात्यांत, सल्लागार कंपन्यांत, विकास बँकांत असतात. पुराचा धोका मोजायला विमा कंपन्यांनाही माणसं लागतात.

या महिन्यात दोन गोष्टी कर. क्यूजीआयएस हे जीआयएसचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर स्वयंसेवक हो. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा घरबसल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तिथल्या राजधानीचा, पोर्ट-ओ-प्रिन्सचा, नकाशा भरला आणि मदतपथकांनी तो वापरला. दुसरं, एखादा चौक किंवा बस थांबा निवड. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर एकेक तास बसून माणसं मोज : वय, बाई की पुरुष, काठी, बाबागाडी, चाकाची खुर्ची. ते आकडे नकाशावर मांड आणि मला पाठव. तिसऱ्या फेरीला जांभया आल्या तर तेही लपवू नकोस. मग आपण जलव्यवस्थापनाचा विचार करू. तिथे माणसांऐवजी पाणी मोजायचं असतं.