चवथ झाली आणि ती होस्टेलवर परत जाईना

चवथ, म्हणजे आमच्या गोव्यातली गणेशचतुर्थी, झाली की पुढच्या पंधरा दिवसांत मला असे फोन हमखास येतात. बारावीपर्यंत घरात वाढलेलं मूल पहिल्यांदाच होस्टेलवर गेलेलं असतं. सणाला घरी येतं आणि परत जायच्या दिवशी बॅगच भरत नाही. पेडण्याहून एका आईने केलेला फोन असाच होता. "तिथं अभ्यास होत नाही म्हणते. घरून ये-जा करते म्हणते. करू दे का?"

मुलीला आपण वैदेही म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कॉलेज फोंड्याच्या बाजूला. म्हणजे पेडणे-म्हापसा, म्हापसा-पणजी, पणजी-फोंडा अशा तीन बस आणि संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच. हे आईलाही दिसत होतं. पण मुलगी रडत होती.

पहिल्या भेटीत मलाही वाटलं, घरची आठवण येत असेल. पण तासभर ऐकल्यावर लक्षात आलं की ती घराविषयी फारसं बोलतच नाही. सारखं झोपेवर येत होती. मी तिला म्हटलं, आठ दिवस परत जा, खोली सोडायची की नाही ते नंतर ठरवू. तोवर एका वहीत एवढंच लिही: झोपलीस कधी, उठलीस कधी, पुस्तक किती वाजता उघडलं.

वही घेऊन आली तेव्हा सगळं त्यात होतं. रात्री दीड-दोनला झोप, सकाळी साडेसहाला जाग. नाश्ता बहुतेक दिवशी चुकलेला. वर्गात डुलक्या. दुपारी साडेतीनला खोलीत येऊन जी आडवी व्हायची ती थेट सातपर्यंत. मग रात्री झोप येणार कुठून? अकराला पुस्तक उघडायची, तेव्हा रूममेटचा फोन सुरू व्हायचा. शुक्रवारी घर गाठायची. शनिवार झोपण्यात आणि कपडे धुण्यात जायचा. या वयात सात ते नऊ तास झोप लागते, हिला रात्री जेमतेम पाच मिळत होती. वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत होतं, त्यामुळे जागून वाचलेलं सकाळी आठवत नव्हतं. त्यावरून तिने ठरवून टाकलं होतं की आपल्याला इंजिनिअरिंग झेपत नाही.

"रूममेटला सांगितलंस?" मी विचारलं.

"तिला कळायला नको का?"

हे वाक्य मी किती मुलांकडून ऐकलं असेल! घरात आपण न बोलता एकमेकांचं ओळखतो. आई दिवा मालवते, बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. होस्टेलच्या खोलीत दोन घरांच्या सवयी आठ-दहा फुटांवर येतात आणि समोरच्याला आपला त्रास दिसतच नसतो. वैदेही दीड महिना उशीत तोंड खुपसून पडायची, आणि रूममेटला वाटायचं, ही गाढ झोपलीय.

काय बोलायचं ते आम्ही दोघींनी बसून ठरवलं. आरोप नाही, 'तू नेहमी' नाही. आपल्याला काय होतं ते सांगायचं आणि एकच गोष्ट मागायची. तीही रात्री बारा वाजता चिडून नाही, संध्याकाळी चहाच्या वेळी. ती बोलली, "गो, राती तुजो फोन आयलो काय म्हाका मागीर न्हीदच येना." (अगं, रात्री तुझा फोन आला की मला मग झोपच येत नाही.)

रूममेट मडगावची. तिचे वडील बोटीवर कामाला. बोटीवरचं काम संपून नेट मिळालं की ते फोन करायचे, आणि इथे तेव्हा मध्यरात्र असायची. वैदेहीला वाटत होतं, ही मैत्रिणींशी गप्पा मारते. त्या एका संध्याकाळी निम्मा राग ओसरला. अकरानंतर फोन आला तर ती जिन्याजवळ जाऊन बोलेल, आणि वैदेही पहाटेचा गजर एकदाच लावेल, दर पाच मिनिटांनी नाही, असं ठरलं. गजराचा त्रास होतो हे रूममेटनेही तोवर कधी सांगितलं नव्हतं!

बाकीच्या गोष्टी मग भराभर झाल्या. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीही गजर लावून. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नाही. गणितासारखा जड विषय चार ते सहा लायब्ररीत. खोलीत फक्त हलकं काम. आणि तेच पान पाचदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं, दोन दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला कागद रिकामा राहतो, मुलं घाबरतात. मी सांगते, तसंच चालू ठेवा.

तिसऱ्या भेटीत, निघता निघता, तिने खालच्या आवाजात आणखी एक सांगितलं. मांड्यांना इतकी खाज सुटायची की रात्री जाग यायची. आपल्या पावसात होस्टेलच्या दोरीवर कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. पोरं तसेच ओलसर घालतात आणि गजकर्ण होतं. लाजेने फार्मसीतून ट्यूब आणतात. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा पसरतो. तिनेही तेच केलं होतं. मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पावसाळ्यात जाड जीन्सऐवजी पातळ सुती कपडे न्या, आतले कपडे दोन-तीन जोड जास्त न्या आणि ते पंख्याखाली पूर्ण वाळवूनच घाला, हे मी आता प्रत्येक पालकाला ॲडमिशनच्या वेळीच सांगते.

सगळंच बोलून सुटतं असं मात्र नाही. सीनियर धमकावत असतील, काही करायला भाग पाडत असतील, तर ते रॅगिंग आहे. तिथे जुळवून घ्यायला सांगू नका. १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवर तक्रार करा. दोन आठवडे मूल सतत खचलेलं असेल, जेवत नसेल, तर वाट पाहू नका. जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोललं, तर त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

वैदेहीने एक आड एक शनिवार होस्टेलवर राहायचं ठरवलं. पहिला शनिवार जड गेला, दुपारी दोनदा घरी फोन झाला. दुसऱ्या खेपेला रूममेटबरोबर फोंड्याच्या बाजारात जाऊन तिने कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा स्टँड आणला.

दिवाळीच्या आधी आईचा पुन्हा फोन आला. "याही शनिवारी येत नाही म्हणते. सगळं बरं आहे ना तिचं?"

"बरं आहे," मी म्हटलं. "तिलाच विचारा, पण अकराच्या आत फोन करा."