आल्डेबरान, रिगेल, डेनेब ही ताऱ्यांची नावं अरबी का आहेत?

कारण ग्रीक खगोलशास्त्र युरोपात परतलं ते अरबीच्या वाटेने.

खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने इ.स. 150च्या सुमारास अलेक्झांड्रियात ग्रीकमध्ये मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी होती. नवव्या शतकात त्याची अरबी भाषांतरं झाली आणि अरबांनी ग्रंथाच्या नावाचं 'अल-मजिस्ती' हे जे रूप केलं, त्याचंच पुढे 'अल्माजेस्ट' झालं. स्पेनमधल्या तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्डने 1175च्या सुमारास तो अरबीतून लॅटिनमध्ये आणला. नावं आली ती अशीच. डेनेब म्हणजे शेपूट (हंसाची), रिगेल म्हणजे पाय. आल्डेबरान म्हणजे 'मागून येणारा'. आपण त्याला रोहिणी म्हणतो, आणि कृत्तिकांच्या मागून ती उगवते हे उघड्या डोळ्यांनी दिसतं, जरूर बघा.

बीटलज्यूस या ताऱ्याच्या नावाची गोष्ट मला सर्वात आवडते. मूळ अरबी 'यद अल-जौझा', म्हणजे जौझाचा (मृग तारकासमूहातल्या आकृतीचं अरबी नाव) हात. अरबीत 'य'खाली दोन नुक्ते (ठिपके), 'ब'खाली एक. एक नुक्ता हरवला, 'य'चा 'ब' झाला, आणि तोच आजतागायत टिकला.

पण अरबीत लिहिणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांना नुसते भाषांतरकार म्हणणं अन्यायाचं आहे. इराणी खगोलशास्त्रज्ञ अल-सूफीने 964च्या सुमारास टॉलेमीच्या ताऱ्यांची तेजस्विता स्वतः निरीक्षण करून तपासली आणि देवयानीतला 'छोटा ढग'ही नोंदवला. ती आपल्या शेजारची दीर्घिका!

टॉलेमीचा हाच अल्माजेस्ट अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या दरबारी जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात आणला.