लस टोचल्यावर घड्याळ पाहा

प्रश्न : त्रिगुणी लस दिली त्या रात्री बाळाला ताप आला, मांडीही सुजली. पॅरासिटामॉल किती द्यावं? पुढच्या वेळी लशीआधीच पाजून ठेवलं तर?

उत्तर : हा ताप बहुधा त्याच दिवशी चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. औषध वयावर नाही, वजनावर मोजायचं : किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसभरात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. घोळ होतो तो बाटलीत. ड्रॉप्सच्या १ मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. पाच किलोच्या बाळाला ड्रॉप्स अर्धा मिलिलिटर पुरतात, सिरप दोन मिलिलिटर लागतं. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं की चौपट औषध पोटात जातं. म्हणून दर वेळी लेबल वाचा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन मुळीच नको.

आधीच पाजून ठेवू नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, असं औषध दिलेल्या बाळांमध्ये काही लशींची प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) कमी तयार झालेली दिसली. मेनिंगोकोकल बी (मेंदूज्वराच्या एका जंतूविरुद्धच्या) लशीसारखा अपवाद असेल तर डॉक्टरच सांगतील.

सूज चोळू नका, गार ओली घडी ठेवा. न दुखणारी कडक गाठ काही आठवडे राहिली तरी चालते. तीन दिवसांनंतरही लाली आणि गरमपणा वाढतच असेल, तर आत पू झाला आहे का ते तपासून घ्यायला हवं.

प्रश्न : गोवराची लस देऊन नऊ दिवस झाले आणि आता ताप, पुरळ. इतक्या उशिरा लशीचा त्रास होतो?

उत्तर : होतो, आणि याच लशीचा. त्यातला क्षीण केलेला विषाणू जिवंत असतो, त्याला शरीरात वाढायला वेळ लागतो; ताप साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो. उलट याच लशीनंतर काही तासांतच सणकून ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले तर लगेच रुग्णालय गाठा. द्रावणात विरघळवलेली लस सहा तासांनंतर वापरली गेली, तर बाटलीत जंतू वाढलेले असू शकतात. तो दोष लशीचा नाही, हाताळणीचा.

प्रश्न : लस दिल्यावर अर्धा तास का बसवतात? घरी कशावर लक्ष ठेवायचं?

उत्तर : ॲनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र ॲलर्जीसाठी. ती दहा लाख मात्रांमागे साधारण एकदा घडते, पण घडते ती बहुधा काही मिनिटांतच : अंगावर गांधी, घरघर, बाळ गळून जाणं. तेव्हा मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते केंद्रावर हाताशी असतं, रस्त्यात नसतं.

पहिल्या ४८ तासांत झटका आला, बाळ तीन तासांहून जास्त सलग किंचाळत राहिलं, किंवा एकाएकी फिकट आणि लुळं पडून हाकेला ओ देईना, तर थांबू नका. शेवटचा प्रकार भीतीदायक दिसतो, पण बाळं त्यातून पूर्ण सावरतात. तरी ते ठरवणं डॉक्टरांचं काम. रोटाव्हायरस (जुलाबाच्या एका विषाणूविरुद्धच्या) लशीनंतर आठवडाभर पोट पाहा. पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून रडणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्तमिश्रित शेंब, यांचा अर्थ आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर प्रत्येक तास मोलाचा.

प्रश्न : लशीशी संबंध आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर लशीनंतर झालेला त्रास आरोग्य यंत्रणेला कळवायचा कशाला?

उत्तर : संबंध ठरवणं तुमच्यावर नाहीच. पुष्कळदा दुसराच आजार योगायोगाने त्याच दिवसांत येतो, आणि तेही नोंदींवरूनच कळतं. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची लस जुलै १९९९ मध्ये थांबवली गेली, तेव्हा आतड्याच्या या त्रासाच्या नोंदी होत्या जेमतेम १५.

कळवताना लशीचं नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची जागा, तारीख आणि वेळ, पहिलं लक्षण किती वाजता दिसलं, आणि त्या काळात दिलेली इतर औषधं लिहा. लस पावडरची असेल तर द्रावणाचाही बॅच क्रमांक हवा. तो हमखास राहून जातो. हे क्रमांक टोचतानाच कार्डावर लिहून घ्या.