रोल्स-रॉयस आणि बेंटली एकाच कारखान्यात बनायच्या, तर आज त्यांचे मालक वेगळे कसे?

तुम्ही विचारलंय की पूर्वी या दोन्ही गाड्या एकाच छपराखाली बनत होत्या हे खरं का, मग एक बीएमडब्ल्यूकडे आणि दुसरी फोक्सवॅगनकडे कशी गेली, आणि आज दोघींची कोणती मॉडेल्स मिळतात. हो, खरं आहे. वाटणीचा किस्सा भारी आहे, म्हणून जास्त त्यावरच लिहितो.

मुळात या प्रतिस्पर्धी कंपन्या. चार्ल्स रोल्स गाड्या विकायचा, हेन्री रॉयस बनवायचा. दोघं १९०४ साली मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात भेटले आणि सूत जुळलं. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्यांचा सगळा जीव शर्यतींत. ल माँची २४ तासांची शर्यत बेंटलीने १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ ते १९३० सलग जिंकली, पण त्याने तिजोरी काही भरली नाही. मंदीत कंपनी बुडाली आणि १९३१ मध्ये रोल्स-रॉयसने मध्यस्थ संस्था पुढे करून, स्वतःचं नाव लपवून ती विकत घेतली.

पुढची कित्येक वर्षं बेंटली म्हणजे जवळजवळ पुढची जाळी बदललेली रोल्सच. १९६५ ची सिल्व्हर शॅडो आणि बेंटली टी शेजारी उभ्या केल्या तर रोल्सच्या जाळीच्या कडा धारदार आणि बेंटलीच्या गोलसर, एवढाच फरक पटकन दिसतो.

दरम्यान १९७१ मध्ये विमानाच्या आरबी२११ इंजिनाच्या खर्चापायी रोल्स-रॉयस दिवाळखोरीत गेली. ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७३ मध्ये मोटारींचा धंदा वेगळा काढला. १९९८ च्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मोटार कंपनी निराळी झाली, पण रोल्स-रॉयस या नावाचा हक्क विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीकडेच राहिला.

१९९८ मध्ये तेव्हाची मालक असलेल्या विकर्स या कंपनीने मोटार कंपनी विकायला काढली. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंड देऊ केले, फोक्सवॅगनने ४३ कोटी मोजून सौदा मारला. इंग्लंडमधल्या क्रू गावचा, दोन्ही गाड्या बनवणारा कारखाना, बेंटली, रोल्सच्या जाळीचा आकार, बॉनेटवरची पंखवाली मूर्ती असं सगळं मिळालं. फक्त नाव नाही! ते इंजिन कंपनीने ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला दिलं. म्हणजे घर एकाने घेतलं आणि दारावरची पाटी दुसऱ्याच्या हातात. त्यात गाड्यांना इंजिनं पुरवणारीही बीएमडब्ल्यूच. शेवटी तडजोड झाली: २००२ अखेरपर्यंत क्रूमध्ये दोन्ही गाड्या बनतील, १ जानेवारी २००३ पासून रोल्स बीएमडब्ल्यूची. बीएमडब्ल्यूने इंग्लंडमधल्याच गुडवुडला नवा कारखाना उभारून फँटम आणली.

फोक्सवॅगन फसली असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २००३ मध्येच कॉन्टिनेंटल जीटी आली आणि त्याच वर्षी बेंटलीने पुन्हा ल माँ जिंकली. रोल्सच्या सावलीतून बाहेर पडल्यावरच बेंटलीला स्वतःचा चेहरा परत मिळाला.

आता मॉडेल्स. रोल्समध्ये फँटम सगळ्यात वरची, मग घोस्ट आणि कलिनन ही एसयूव्ही, तिन्हींना ६.७५ लिटरचं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन. चौथी स्पेक्टर, दोन दारांची, पूर्ण इलेक्ट्रिक. रेथ आणि डॉन बंद झाल्या. फँटममध्ये आरपीएमचा, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा काटा नसतो. त्याजागी ‘पॉवर रिझर्व्ह’, म्हणजे अजून किती ताकद शिल्लक आहे ते दाखवणारा काटा. एकेकाळी कंपनी हॉर्सपॉवरचा आकडाही सांगत नसे, नुसतं ‘पुरेशी’ म्हणायची. हा तोरा शोभतो त्यांना! चाक फिरलं तरी मधली आर-आरची अक्षरं उभीच राहतात, हेही त्यातलंच.

बेंटलीत कॉन्टिनेंटल जीटी, तिचीच उघड्या टपाची जीटीसी, चार दारांची फ्लाइंग स्पर आणि बेंटेगा एसयूव्ही. मल्सान ही गाडी २०२० मध्ये संपली, बारा सिलिंडरचं डब्ल्यू१२ इंजिन २०२४ मध्ये. आता मदार चार लिटरच्या, आठ सिलिंडरच्या व्ही८ वर. नव्या जीटी आणि फ्लाइंग स्परमध्ये त्याला इलेक्ट्रिक मोटरची जोड आहे. ड्रायव्हर ठेवून मागे बसायचं असेल तर फँटम, स्वतः स्टिअरिंग धरायचं असेल तर कॉन्टिनेंटल जीटी, असं माझं मत.